मातीखालचा धूर

पेपर तपासायला मी गच्चीवर बसते, कारण खाली शेजारच्यांचा टीव्ही चालू असतो. नववीच्या पोरांना यंदा निबंध आला आहे, ‘माझा आवडता ऋतू’. बहुतेकांनी वसंत घेतला, गाईडात तोच आहे. आम्रवृक्षाचा मोहर, कोकिळेचे कूजन, मंद सुगंधित वारा. मी लाल पेनाने वेलांट्या दुरुस्त करत असते आणि त्याच मंद वाऱ्यावरून एक काळा पापुद्रा तरंगत येतो आणि नेमका कोकिळेवर उतरतो. बोटाने झटकला तर सगळ्या ओळीला काळं फासलं जातं, म्हणून आता मी झटकत नाही, फुंकर मारते. इतकी वर्षं उदगिरात काढल्यावर एवढी अक्कल येते.

हा आमचा खरा ऋतू, पंचांगात त्याला नाव नाही. तुरी निघाल्या, हरभरा निघाला, कापसाची शेवटची वेचणी झाली, आणि रानात उरलं ते कुणालाच नको असलेलं. तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या, सोयाबीनचं भुसकट, धसकटं. पूर्वी तुराट्यांचे कूड व्हायचे, छपरं व्हायची, उरल्यासुरल्या चुलीत जायच्या. आता घरोघर गॅस आहे, भिंती सिमेंटच्या आहेत, मजूर मिळत नाहीत आणि रोटाव्हेटरच्या पात्यांत पऱ्हाटी गुंतली की ट्रॅक्टरवाला आईबहिणीवर येतो. मग काडी लावायची. एका दुपारीत रान साफ. जळकोटच्या रस्त्याने गेलं की दोन्ही बाजूंना धुराचे उभे खांब दिसतात, आणि संध्याकाळी हवा पडली की ते सगळे खांब आडवे होऊन गावांवर येतात.

मला नुसत्या वासावरून कुठलं रान पेटलंय ते सांगता येतं. तुराटीचा धूर गोडसर असतो, भाजल्या शेंगेच्या जवळचा. पऱ्हाटीच्या धुरात हंगामभर फवारलेलं औषधही जळत असतं, तो घशात खरखरतो. उसाच्या पाचटाच्या धुरात करपलेल्या गुळाचा वास येतो. माझी फुप्फुसं ठणठणीत आहेत, म्हणून असले लाड मला परवडतात. माझ्या धाकट्या बहिणीला, नंदाला, धुरातलं गोड-कडू काही कळत नव्हतं. तिला फक्त श्वास कळायचा, आहे की नाही एवढाच.

नायगावला आमचे बाबा मास्तर होते. शाळेच्या मागूनच रानं सुरू व्हायची. धसकटं पेटली की आम्ही दोघी बांधावर पळायचो, हरभऱ्याचे डहाळे आगीच्या कडेला धरून घाटे भाजायचो आणि काळ्या तोंडांनी सोलून खायचो. ही मजा सांगताना लोक एक गोष्ट हटकून गाळतात. आग आत शिरली की टिटवी वर उठायची आणि एकाच जागेवर गोल फिरत ओरडत राहायची. तिची अंडी खाली ढेकळांत असायची.

"आक्का, ती खाली उतरंना कामून?" नंदा विचारायची.

"उतरून काय करंल?" मी म्हणायची, आणि आम्ही पुन्हा घाटे सोलायला लागायचो. लहान मुलं दयाळू असतात असं ज्यांना वाटतं, ते स्वतःचं लहानपण विसरलेले असतात.

घरी येता येता नंदाला उबळ यायची. ती रस्त्यातच वाकून उभी राहायची, गुडघ्यांवर हात टेकून. बाबा म्हणायचे, "नाटकं करून राहिली. आगीपाशी जाताना खोकला कुठं गेलता?" आई हळद आणि मध चाटवायची. दमा हा शब्द आमच्या घरात म्हाताऱ्या माणसांसाठी राखून ठेवलेला होता. नंदाचं लग्न जमवतानाही तो कुणी उच्चारला नाही. सर्दीचा कोठा आहे, एवढंच सांगितलं.

तिला दिली ती जळकोटच्या पलीकडच्या एका खेड्यात. तिचे यजमान दिगंबरराव शेतीची पदविका घेतलेले, उंच, बोलके आणि एकदा डोक्यात घेतलं की घेतलं, अशा जातीचे. घराच्या परसाला लागूनच शेत. आमच्याकडे असं स्थळ चांगलं समजतात. शेत दाराशी होतं, मग धूरही दाराशी आला. शेजारचं रान गुंडप्पांचं. फाल्गुनात गुंडप्पांनी काडी लावली की तासाभरात नंदाच्या ओठांचा रंग बदलायचा. पहिल्या खेपेला तिच्या सासूबाईंना वाटलं, नव्या सुनेला माहेर आठवतंय. पुढे ते दरसालचंच झालं. हवेत काळे पापुद्रे दिसू लागले की दिगंबरराव तिच्या तोंडाला ओला पंचा बांधून, मोटारसायकलवर बसवून तिला उदगीरला माझ्याकडे आणून सोडायचे, आणि रानं निवली की न्यायला यायचे.

माझ्याकडे तिचे हाल नव्हते, पण ती सुखीही नव्हती. मागच्या खोलीच्या खिडक्या लावून, दाराच्या फटींत चिंध्या कोंबून, हातात श्वासाचा पंप धरून ती बसलेली असायची. नेमके तेच दिवस घरच्या बाईचे असतात. तूर भरडायची, डाळीला तेलाचा हात लावून उन्हात टाकायची, कुरडया, सांडगे, पापड. तिच्या घरी हे सगळं सासूबाई शेजारणींना हाताशी धरून उरकायच्या आणि रोज फोनवर कळवायच्या, "तू नसलीस तरी झालं बग समदं." त्या हे चांगुलपणाने सांगत की डागण्या द्यायला, ते मला कधी उमगलं नाही. नंदाला उमगत असावं. फोन ठेवल्यावर ती भिंतीकडे बघत बसायची.

एकदा ती म्हणाली, "लोकं माहेरपणाला येतात, आक्का. मी श्वास घ्यायला येते. लई काही मागणं न्हाई माझं. एक फाल्गुन माझ्या घरात, माझ्या गच्चीवर काढायचाय मला. बस."

तिने आयुष्यात मागितलेली गोष्ट ती एवढीच.

दिगंबररावांनी ते ऐकलं होतं. मी त्यांच्याविषयी पुढे वाईट बोलणार आहे, म्हणून हे आधी सांगते की त्या माणसाचं बायकोवर प्रेम होतं. जळकोटला कुठल्याशा कंपनीची शेतकऱ्यांसाठी बैठक झाली, तिथून ते थेट माझ्याकडे आले, डोळे चमकत होते. बायोचार. काड्या जाळून राख करायची नाही, कोळसा करायचा, आणि तो शेणात मुरवून जमिनीत घालायचा. जो काळा माल धूर होऊन आभाळात जातो, तो मातीत गाडून टाकायचा. मी म्हटलं, कोळसा करायला पण जाळावंच लागतं ना, मग धूर कुठे जातो?

त्यांनी ओट्यावरची काडेपेटी घेतली. एक काडी ओढली आणि उभी धरली.

"बगा आक्का. जळून राहिली. धूर दिसतो का?"

"नाही."

त्यांनी फुंकर मारली. काडीच्या टोकातून पांढरा दोरा वर निघाला.

"आता बगा. ज्वाळ होती तवर ज्वाळच धूर खात होती. ज्वाळ गेली, धूर मोकळा झाला. तसाच खड्डा करायचा, वर रुंद, खाली निमुळता. वरून पेटवायचं, थरावर थर टाकत जायचं. खालच्या काड्यांतून निघणारा धूर वरची ज्वाळ खाऊन टाकती. खाली हवा न्हाई म्हणून कोळसा जळत न्हाई. शेवटी भरपूर पाणी ओतून इझवायचं. धूर न्हाई, राख न्हाई. नंदाला कुठं जायाची गरज न्हाई."

नंदा दारात उभी होती. तिने ती विझलेली काडी त्यांच्या हातून घेतली, ओट्यावर घासून टोक बघितलं आणि हसली. इतकं साधं होतं सगळं, आणि इतकी वर्षं ती फटींत चिंध्या कोंबत होती.

पहिल्या सालात ते जमलं. विहिरीला पाणी होतं. दिगंबररावांनी परसाच्या पुढेच खड्डे काढले, गुंडप्पांच्या हातापाया पडून त्यांच्या पऱ्हाट्याही आपल्याच खड्ड्यांत घेतल्या. मी बघायला गेले होते. माणसाच्या उंचीची स्वच्छ पिवळी ज्वाळ, तिच्यावर हवा थरथरत होती, आणि धूर म्हणावा तर नाहीच. शेवटी पाण्याच्या घागरी रित्या झाल्या तेव्हा एकदाच वाफेचा मोठा लोट उठला आणि निवला. गच्चीवर नंदा पदर खोचून कुरडया घालत होती. सोऱ्या माझ्या हातात देत म्हणाली, "दाब जोरात. तुझ्या हातात जीवच न्हाई." मला ती असं बोलल्याचा इतका आनंद झाला की मी वाकड्यातिकड्या कुरडया घातल्या आणि तिची बोलणी खाल्ली. सासूबाई खालून ओरडून म्हणाल्या, "सून हाय म्हणून निभतंय माझं!" नंदाने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि नंतर मला विचारलं, काय म्हणल्या गं त्या?

तिथेच हे संपायला हवं होतं. पण ज्या ऋतूसाठी मी लिहायला बसले तो त्याच्या पुढचा आहे.

त्या साली पाऊस तोंड दाखवून गेला. दिवाळीनंतर विहिरी खरवडायला लागल्या, माघात टँकर सुरू झाला. पीक जेमतेम आलं, पण काड्यांना दुष्काळ नसतो, त्या होत्याच. आणि मधल्या वर्षात दिगंबरराव बायोचारवाले झाले होते. तहसीलच्या सभागृहात त्यांचा ज्वाळेशेजारी उभा असलेला फोटो लागला होता. कंपनीचा तरुण साहेब महिन्याला यायचा, त्यांना ‘दादा’ म्हणायचा. गावोगाव भाषणं होत होती. गुंडप्पांच्या बांधावर उभं राहून त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं, "जाळणारा माणूस गावाचा दुष्मन हाय." गुंडप्पा वयाने वडील. त्यांना ते झोंबलं. यंदा पऱ्हाट्या देणार नाही, म्हणाले.

फाल्गुनात दिगंबररावांनी पहिला खड्डा पेटवला आणि शेवटी टँकरच्या पाण्याचं पिंप त्यावर ओतायला घेतलं. पाण्याच्या रांगेतल्या बायका घागरी टाकून तिथे आल्या. मी तेव्हा नव्हते, पण नंदाने सांगितलं तसंच सांगते. "आमची लेकरं तहानलेली आन् ह्यो कोळशाला पाणी पाजून राहिला!" एकीने पिंपाला मिठीच मारली. त्यांचं काय चुकलं? आमच्याकडे चैत्राच्या तोंडावर निखाऱ्यावर पाणी ओतणारा माणूस वेडा तरी असतो नाहीतर माजलेला. सासूबाईंनीही सुनावलं, "माती टाका की. मातीला काय रेशन लागलंय का?" सगळ्यांना पटलं. चूल झाकायची तर राख-माती लोटायची, आमच्या बायका पिढ्यान् पिढ्या तेच करत आल्या. दिगंबररावांनी खड्ड्यावर माती लोटली, वरून शेणकाल्याचा हात फिरवला. काटकसर म्हणून सगळ्या गावाने मान डोलावली.

माती टाकली की ज्वाळ मरते. आतला विस्तव मरत नाही. ढेकळांच्या फटींतून थोडी थोडी हवा आत जात राहते आणि आतल्या काड्या धुमसत राहतात, आणि त्यांतून जे निघतं त्याला खाऊन टाकायला वर ज्वाळ नसते. ओट्यावरची ती विझवलेली काडी, फक्त खड्ड्याएवढी. आणि ती विझून जाणारी नव्हती. एक खड्डा निवायच्या आत त्यांनी पुढचा पेटवला, मग त्याच्या पुढचा.

नंदाचा फोन आला तेव्हा तिचं वाक्य मध्येच तुटत होतं. मी रजा टाकून गेले. सकाळची वेळ होती, अजून गारवा होता. घरामागचं सगळं रान गुडघाभर पांढऱ्या थरात बुडालेलं होतं. तो धूर वर चढत नव्हता. तो जमिनीवरून सरकत परसात येत होता, ओसरी चढत होता, दाराखालून आत जात होता. वासही वेगळा, आंबूस, डोळ्यांत डांबर घातल्यासारखा. घरात नंदा पलंगाच्या काठाला धरून बसली होती, खांदे कानांपर्यंत वर आलेले.

"हा धूर कसला?" मी दिगंबररावांना विचारलं.

"धूर न्हाई आक्का," ते म्हणाले. "वाफ हाय ती. काड्या वलसर व्हत्या."

हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, नंदाकडे बघून नाही.

त्याच दिवशी दुपारी गुंडप्पांनी स्वतःचं रान पेटवलं. काळा लोट, कडकडाट, पापुद्र्यांचा पाऊस. त्यांच्या बांधावरचा लिंब एका अंगाने होरपळला. एक सरडा पेटत्या शेपटीने बांध चढून आला आणि आमच्या बाजूला येऊन मेला. मी गुंडप्पांना संत म्हणत नाही. त्याच धुराने माझ्या बहिणीला वर्षानुवर्षं घराबाहेर काढलं होतं. आम्ही नंदाला आतल्या खोलीत कोंडलं, ओली चादर दाराला लावली. दुपारचं वारं होतं, उजेड होता, लोट उंच गेला. दिवस मावळायच्या आत त्यांच्या रानात काळी राख होती आणि हवा मोकळी. दिगंबररावांचे खड्डे मात्र मातीखाली सावकाश श्वास घेत होते, तिचा.

संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "ऐका माझं. माती काढा आन् पेटवून टाका एकदाचं. गुंडप्पाकाकांसारखं. एक दुपार सोसन मी. हे सोसत न्हाई."

"आता जाळलं तर गावात तोंड कसं दावू? भाषणं केली म्या."

"मंग पाणी वता."

"पाणी कुठलं आणू?"

कंपनीचा साहेब त्या आठवड्यात येऊन गेला होता. कंपनीला पुरावा म्हणून त्याच्या मोबाईलला दोन फोटो लागायचे, पेटलेल्या ज्वाळेचा एक आणि तयार कोळशाचा एक. ज्वाळेचा फोटो घेऊन तो रुमालाने नाक धरून गाडीत बसला होता. मधल्या धुराला त्याच्या मोबाईलात जागाच नव्हती.

"थोडं अजून," दिगंबरराव म्हणाले. "एवढे खड्डे निवू दे. तू आक्कासंगं उदगीरला जा थोडे दिस. दरसाल जातीसच की."

मी नंदाच्या तोंडाकडे बघितलं. ती उठली. देवळीतली काडेपेटी घेतली. एक काडी ओढली, त्यांच्या नाकासमोर धरली, जळू दिली. मग फुंकायला गेली. तिला फुंकर मारता येईना. छातीत तेवढी हवा नव्हती. ओठ पुढे काढून ती नुसती उभी राहिली आणि काडी तिच्या बोटापर्यंत जळत आली, तेव्हा तिने ती हलवून विझवली. पांढरा दोरा वर गेला. तिने तो दिगंबररावांना नीट दिसेपर्यंत धरून ठेवला.

ते उठून बाहेर गेले. खड्ड्यावर आणखी माती लोटल्याचा आवाज आला.

मी रात्रीच तिची पिशवी भरायला घेतली तर तिने माझा हात धरला. "मी येत न्हाई, आक्का. माझ्यासाठी करून राहिले म्हणतात ना? तर माझ्यासमोर होऊ दे." मी चिडले, रडले, हात जोडले. थोरली म्हणून दरडावलं. दिगंबररावांनीही दारातून सांगितलं, जा म्हणून. त्यांनाही ती जायला हवी होती, कारण ती नसली की तो धूर खरोखरच वाफ झाला असता. ते तिला कळत होतं. म्हणून ती बसून राहिली. दोघं एकमेकांना इतकं ओळखून होती की एकालाही माघार घेता येईना. प्रेमाच्या माणसांत असा हट्ट पेटला की परक्याने काय करायचं, मला आजही माहीत नाही. मी तिला टेकायला उशा दिल्या, पंप दिला, वाफारा दिला. फटींत चिंध्या कोंबल्या.

दुसऱ्या दिवशी पहाट उजळताना तिचा आवाज बंद झाला. शिट्टीसारखा जो आवाज आदल्या दिवसापासून चालू होता, तो थांबला, आणि मला क्षणभर वाटलं बरं वाटलं असेल. बोटं निळी होती. दिगंबररावांच्या मोटारसायकलवर तिला बसवणं शक्य नव्हतं. पिकअप होता एकाच माणसाकडे. मी गुंडप्पांच्या दारात जाऊन ओरडले, ते बनियनवरच चावी घेऊन पळत आले. उदगीरच्या दवाखान्यात ऑक्सिजनची नळी लावली आणि लातूरला हलवा म्हणाले. अँब्युलन्स बाहेर गेलेली होती. आम्ही सिलिंडर पिकअपमध्येच ठेवला आणि निघालो. दिगंबरराव मागच्या हौद्यात तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, मी पायांशी. गुंडप्पा हॉर्न दाबून धरत होते, समोरच्या ट्रॅक्टरवाल्यांना शिव्या देत होते.

मग एका जागी त्यांनी हॉर्न सोडला आणि गाडीचा वेग कमी केला. मागची काच फुटलेली होती, आरशात त्यांना सगळं दिसत असणार. मला तेव्हा कळलं. दिगंबररावांना कळायला अजून वेळ लागला. ते केबिनच्या पत्र्यावर थापा मारून म्हणत होते, "काका, हाणा की गाडी, हाणा!" आणि गुंडप्पा, आमच्यासाठी आता कसलीच घाई उरली नाही अशा बेताने, गाडी रस्त्याच्या कडेला घेत होते.

तेरावं झालं त्या दिवशी कंपनीच्या साहेबाचा फोन आला. झाल्या प्रकाराचं वाईट वाटलं, म्हणाला. खरंच वाटलं असेल, पोरगा होता. मग म्हणाला, दादा, घाई नाही, पण कोळशाचा फोटो तेवढा राहिलाय. दिगंबररावांनी फोन खिशात टाकला, फावडं घेतलं आणि परसात गेले. मी मागून गेले. त्यांनी पहिल्या खड्ड्यावरची माती बाजूला केली. आत कोळसा नव्हता. ढेकळांच्या फटींतून हवा जाऊन जाऊन सगळं आतल्या आत जळून गेलं होतं. करडी, मऊ, पिठासारखी राख. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात मूठभर काळे तुकडे आणि बाकी राख. बांधापलीकडे गुंडप्पांच्या रानातली राख वाऱ्याने एव्हाना उडून गेली होती. दोन्ही रानांत शेवटी एकच झालं होतं. एकात ते एका दुपारीत झालं, दुसऱ्याने माझ्या बहिणीला पुरेल एवढा वेळ घेतला. सासूबाई ओसरीवरून बघत होत्या.

लोकांना वाटतं अशा गोष्टीनंतर माणूस ते काम सोडून देतो. दिगंबररावांनी सोडलं नाही. त्यांनी शेततळं खोदलं, त्याला प्लास्टिकचा कागद घातला, पावसाचं पाणी फक्त खड्ड्यांसाठी राखलं. पाणी नसेल तर काडी लावायची नाही, हा नियम केला आणि तो पाळायला लावायला गावोगाव फिरले. आता भाषणात ते मातीच्या झाकणाबद्दल सांगतात. काडेपेटीची काडी ओढून दाखवतात, फुंकतात. नंदाचं नाव घेत नाहीत, "आमच्या घरात एक दुर्घटना झाली" म्हणतात. गुंडप्पाही त्यांच्याच खड्ड्यांत पऱ्हाट्या आणून टाकतात. तिच्या गावात आता फाल्गुनात आभाळ निळं असतं. लोक कौतुकाने सांगतात, आणि मला ते ऐकून घ्यावं लागतं.

यंदा पेपरांचा गठ्ठा उरकून मी एका रविवारी गेले. का गेले कोण जाणे. ऋतू आला की पाय तिकडे वळतात, पूर्वी ती इकडे यायची. खड्डा पेटलेला होता, पिवळी स्वच्छ ज्वाळ, वर थरथरणारी हवा, धुराचा मागमूस नाही. गच्चीवर शेजारच्या कुणी मुलीने सांडगे घातले होते, पांढरेशुभ्र, एक काळा ठिपका नाही. मी छाती भरून श्वास घेतला. मला तो सहज घेता आला, याचा मला राग आला.

दिगंबरराव बरेच वाळले आहेत. माझ्यासाठी बाज टाकून ते खड्ड्याच्या कडेला उभे राहिले, हातात लांब काठी. काठीने कडेच्या काड्या आत लोटल्या. मग ज्वाळेकडेच बघत ते म्हणाले, "आक्का, एक इचारू?"

"विचारा."

"तुमी तर समदं बगितलं. खरं सांगा. मी तिच्यासाठीच केलं ना हे?"

हो म्हणायला मला काही लागत नव्हतं. म्हातारा होत चाललेला माणूस आहे, एकटा आहे, चांगलं काम करतो आहे. तो ते एक अक्षर ऐकायला इतकी वर्षं थांबला असणार, आणि ते देऊ शकेल असं माणूस आता माझ्याशिवाय जगात उरलेलं नाही. हे सगळं मला त्या क्षणी स्पष्ट कळत होतं.

"पहिल्या साली, हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. ज्वाळ खाली बसायला लागली होती, म्हणून त्यांनी तुराट्यांची पुढची पेंढी उचलली आणि आत टाकली.